विसावी डबी

मी आयुष्यात जी काही नुकसानं केली ती सगळी मदत करायला जाऊन केली आहेत. विमा कंपनीत तेहेतीस वर्षं काढूनही मी कोणाचं मुद्दाम वाईट केलेलं नाही, हे आमच्या ऑफिसातले लोकसुद्धा सांगतील. त्यामुळे वसुंधरेच्या प्रबंधाचं जे काही झालं त्याकडे मी शक्य तितक्या तटस्थपणे बघायचं ठरवलं आहे. तटस्थपणा हा शब्दही मला तिच्याच अभ्यासातून मिळाला.

वसुंधरा माझी पत्नी. चोवीस वर्षं शाळेत शिकवून तिने पन्नाशीला राजीनामा दिला आणि चिकित्सा व आरोग्य मानसशास्त्रात संशोधनाची मास्टर्स पदवी घ्यायला निघाली. ही बातमी आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीत पसरल्यावर पहिले दोन आठवडे लोक लिफ्टमध्ये आमच्यासमोर जपून बोलत होते. मग हळूहळू एकेक जण दुसऱ्याबद्दल सांगायला घरी येऊ लागला. स्वतःचं काही बिनसलंय असं सांगायला मात्र कोणी आलं नाही.

तिचा विषय होता, रक्तदाबाची माणसं गोळ्या का चुकवतात. या विषयाची पुस्तकी कारणं तिने प्रस्तावनेत आठ पानं लिहिली आहेत. खरं कारण तिचे वडील. अण्णा अलिबागला पक्षाघाताने गेले. डॉक्टरांना आणि लेकीला ते दर वेळी सांगायचे, "घेतो गं, न चुकता घेतो." ते गेल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशात आणि देवघराच्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांच्या पट्ट्याच्या पट्ट्या सापडल्या, बहुतेक न उघडलेल्या. "माझ्याशी खोटं का बोलले?" हा प्रश्न ती बारा वर्षं विचारते आहे. मी दर वेळी "जाऊ दे" म्हणतो. माझ्या उत्तरापेक्षा प्रबंध बरा, असं तिला वाटलं असावं.

योजना साधी होती. रक्तदाब असलेली चाळीस माणसं गोळा करायची. प्रत्येकाने सहा आठवड्यांच्या बेचाळीस गोळ्या घरात आणून ठेवायच्या. वीस जणांना सात वारांची सात खणांची प्लॅस्टिकची डबी द्यायची, वीस जणांना काहीच द्यायचं नाही. आठवड्याला एक फॉर्म भरून घ्यायचा आणि शेवटी उरलेल्या गोळ्या मोजायच्या. डबीने फरक पडतो का, एवढाच प्रश्न. ज्यांना डबी नाही त्यांना 'नियंत्रण गट' म्हणतात, आणि सहा आठवडे झाल्यावर त्यांनाही डबी मिळणार होती. प्रबंध मे महिन्याच्या शेवटी द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द आणि बावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. तिच्या मार्गदर्शक वल्लरी मॅडम, वय तेहेतीस, यांनी हे तिला हसतमुखाने सांगितलं होतं.

"माणसं मी आणून देतो," मी म्हणालो. इथून सगळं सुरू झालं.

आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत. सेक्रेटरी कमळाकर बी विंगमध्ये राहतात आणि टेरेसची किल्ली स्वतःच्या कमरेला लावतात. अभ्यासाला सोसायटीची परवानगी हवी म्हणून मी रीतसर अर्ज दिला. तो कमिटीच्या बैठकीत पाण्याची टाकी धुणे आणि पार्किंगमधली कुत्री या दोन विषयांच्या मध्ये आला. कमळाकरांची एकच अट होती, प्रबंधात सोसायटीचं नाव ठळक अक्षरात यावं. वल्लरी मॅडमनी कळवलं की नाव गुप्त ठेवावं लागेल, 'पनवेलमधील एक गृहसंकुल' एवढंच लिहिता येईल. कमळाकरांना ते लागलं. "म्हणजे फायदा घ्यायचा आमचा आणि नाव सगळ्या पनवेलचं," असं म्हणून त्यांनी ठरावावर सही केली.

मग संमतीपत्र. विद्यापीठाच्या नैतिकता समितीने ते तीनदा परत पाठवलं होतं आणि चौथ्यांदा मंजूर केलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'या अभ्यासात सहभागी होण्यात कोणताही धोका नाही.' तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तेवढं वाचूनच कागद परत केला. धोका नव्हता तर तसं लिहायची वेळ का आली, असं त्यांचं म्हणणं. पुढचं वाक्य होतं, 'आपण केव्हाही, कारण न देता माघार घेऊ शकता.' यावर कमळाकरांनी मला बाजूला घेतलं.

"गुरुदत्तराव, अशी सवलत कोण देतं हो? आपल्याला बिल्डरने दिली होती?"

चौघांनी सहीखाली रेव्हेन्यू स्टॅम्प लावण्याचा आग्रह धरला. एका घरात बायकोचा फॉर्म नवऱ्याने भरला, कारण तिला काय वाटतं ते त्यालाच जास्त माहीत होतं. 'गेल्या आठवड्यात गोळी किती वेळा चुकली?' या प्रश्नाशी आलं की लोक पेन थांबवून वसुंधरेकडे बघत आणि विचारत, "टीचर, किती लिहू?" ती चोवीस वर्षांच्या सवयीने डोळे मोठे करी, आणि मग बरेच जण शून्य लिहीत.

एवढं करूनही अडतीसच जमले. एकोणचाळिसावी मिळाली दमयंती. ही उरणकडची कोळीण, रोज सकाळी मासळीची टोपली घेऊन आमच्या गेटवर बसते. बीपीची गोळी तिला तीन वर्षांपासून आहे. संमतीपत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाचू नका, साहेब. बाय चांगली हाय, सही कुटं करू सांगा."

चाळिसावा कोणी मिळेना, तेव्हा मी स्वतःचं नाव सुचवलं. मलाही गोळी आहे, सहा वर्षांपासून, आणि मी ती कधी चुकवत नाही. वल्लरी मॅडम म्हणाल्या की संशोधकाचा नवरा चालत नाही. पण मुदत जवळ येत होती. शेवटी त्यांनी मला घेतलं आणि माझ्या नावापुढे शेरा मारला, 'निकटचा नातेवाईक. निष्कर्षात वेगळा दाखवावा.' तेहेतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावापुढे शेरा पडला नव्हता. तो पडायला बायकोचं शिक्षण लागलं.

कोणाला डबी आणि कोणाला नाही हे बंद पाकिटांनी ठरलं. पाकिटं कम्प्युटरने लावलेली होती, आणि कम्प्युटरला सोसायटीचं राजकारण माहीत नव्हतं. वीसपैकी तेरा डब्या ए विंगमध्ये गेल्या. कमळाकरांना नाही, दमयंतीला नाही आणि मलाही नाही. मला काही वाटलं नाही, कारण मला गरजच नव्हती. कमळाकरांना मात्र वाटलं. त्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं आणि पाकीट खिशात ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. टेरेसवर आमच्या पापडाच्या ताटाला जागा मिळेना, कारण किल्ली सापडत नव्हती. किल्ली त्यांच्या कमरेला मला दिसत होती. बी विंगमधल्या बायका वसुंधरेला "कसं चाललंय संशोधन?" असं विचारत, आणि त्यातला 'संशोधन' हा शब्द जरा लांबवून म्हणत. दमयंती सरळ बाई, तिने थेट विचारलं.

"साहेब, समद्यांना डबी भेटली, मना कशी नाय भेटली? आमचं बीपी काय हलकं हाय?"

"समद्यांना नाही, अर्ध्यांनाच. तुला सहा आठवड्यांनी मिळणार."

"मंग त्यांना पन सहा आठवड्यांनी द्या." एवढं बोलून तिने मला पापलेट द्यायचं सोडून बोंबील दाखवले.

मी तिला नियंत्रण गटाचं महत्त्व समजावलं. तुलना करायला कोणीतरी बिनडबीचं लागतं, हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बोंबीलच दिले.

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीचा सत्यनारायण होता. प्रसाद घेताना कमळाकर माझ्या शेजारी आले. पंधरा दिवसांनी पहिलं वाक्य बोलले आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलले.

"गुरुदत्तराव, हा प्रसाद अर्ध्यांना वाटला आणि उरलेल्यांना सांगितलं की सहा आठवड्यांनी या, तर चालेल?"

माझ्या हातात शिऱ्याचा द्रोण होता. खरं सांगतो, त्या वाक्याचं उत्तर वल्लरी मॅडमच्या पुस्तकातही नसावं. एका पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला टाळायचं, हे आपल्याकडे कोणी करत नाही. लग्नात आपल्या पानावर जिलबी आली नाही म्हणून वीस वर्षं न बोलणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. ते चुकीचं आहे असं मला कधी वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या पनवेलच्या बाजारात गेलो. प्लॅस्टिकच्या दुकानात तशाच डब्या होत्या, फक्त रंग गुलाबी. वीस घेतल्या. वसुंधरा दुपारी विद्यापीठात गेली की पिशवी घेऊन निघायचं आणि नियंत्रण गटाचं एकेक दार वाजवायचं, असा क्रम ठेवला. प्रत्येकाला सांगितलं, "वसुंधरेला बोलू नका." प्रत्येकाने वचन दिलं. कमळाकरांनी डबी हातात घेतली, प्रत्येक खणाचं झाकण उघडून लावून पाहिलं आणि म्हणाले, "मला डबीचं काही नव्हतं हो. तत्त्वाचा प्रश्न होता." संध्याकाळी टेरेसची किल्ली सापडली.

एकोणीस डब्या गेल्या. विसावी माझी. ती मी स्क्रू ठेवायला वापरली. सात खण होते, सात मापांचे स्क्रू नीट बसले.

पुढचे दोन आठवडे सुखाचे गेले. वसुंधरा फॉर्म गोळा करायची, आकडे भरायची आणि अधूनमधून भुवया जवळ आणायची. "नियंत्रण गट फारच सुधारतोय," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "वातावरण चांगलं आहे." पेपर मी जरा वर धरला.

पाचव्या आठवड्यात दमयंती मासळी द्यायला दारात आली. वसुंधरा पैसे आणायला आत गेली आणि परत आली, तेवढ्यात दमयंतीने टोपलीतल्या टॉवेलखालून गुलाबी डबी काढली आणि कौतुकाने तिच्यापुढे धरली.

"बाय, बघ. पंधरा दिस झाले, येक पन गोली नाय चुकली. साहेबांनी लय चांगली डबी दिली."

मी पेपरात एका विवाहविषयक जाहिरातीवर डोळे लावून बसलो. तीत वराची अपेक्षित उंची दिली होती, ती अजून आठवते. दमयंती गेली. वसुंधरा समोरच्या खुर्चीवर बसली. शाळेत ती रागावायची नाही, मुलांच्या समोर नुसती बसायची, असं तिचे विद्यार्थी सांगतात. त्यांना काय होत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

"किती जणांना?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"अहो, नियंत्रण गट वीसचा होता."

"विसावा मी. मला गरज नव्हती."

ती उठली, साडीचा पदर खोचला आणि स्वयंपाकघरात जाऊन कोळंबी सोलायला बसली. मी मागे गेलो. तिचे डोळे भरले होते. दोन वर्षं ती रोज पहाटे उठून वाचायची. तिशीच्या आतल्या मुलींमध्ये बसून तिने आकडेमोड शिकली होती, आणि मी तिचं सगळं दोन दुपारींत एका पिशवीतून वाटून टाकलं होतं. मला वाईट वाटलं. इथे मी तटस्थ राहू शकत नाही.

वल्लरी मॅडमना सगळं सांगायचं तिनेच ठरवलं. न सांगता आकडे तसेच देता आले असते. मी दबक्या आवाजात तसं सुचवलंही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते वाक्य पूर्ण केलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं, दोन्ही हात डोक्याला लावले आणि म्हणाल्या की नैतिकता समितीला लेखी खुलासा द्यावा लागेल, आणि तो 'संबंधित व्यक्तीने' द्यावा. तो मी लिहिला. 'विषय: गुलाबी रंगाच्या डब्यांचे अनधिकृत वाटप. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की सदर डब्या कोणत्याही दुष्ट हेतूने वाटण्यात आलेल्या नसून…' अशी साडेतीन पानं झाली. नैतिकता समितीत तो खुलासा मोठ्याने वाचण्यात आला, असं मला नंतर कळलं. हसू आलं की नाही ते कळवण्यात आलं नाही.

समितीने प्रबंध रद्द केला नाही. ऑगस्टपर्यंत मुदत वाढवून दिली, आणि अट घातली की जे घडलं ते घडलं तसं लिहायचं, आणि डब्या मिळालेल्या एकोणीस जणांच्या मुलाखती घ्यायच्या. मे आणि जून वसुंधरा टेपरेकॉर्डर घेऊन दारोदार फिरली. त्यातून एक मजेशीर गोष्ट निघाली. डबीमुळे गोळी आठवते असं फार कोणी म्हणालं नाही. डबी दुसऱ्याला दिसते म्हणून गोळी घेतली जाते, असं बहुतेकांनी सांगितलं. कमळाकरांनी ती शोकेसमध्ये ठेवली होती आणि आल्यागेल्याला रिकामे खण दाखवत होते. दमयंती ती टोपलीशेजारी उघडी ठेवायची आणि गिऱ्हाईकं विचारायची, "मावशी, आजची घेतली का?"

दरम्यान सहावा आठवडा संपल्यावर वल्लरी मॅडम स्वतः घरोघरी उरलेल्या गोळ्या मोजायला आल्या होत्या. माझ्या गोळ्या ज्यात असतात तो बिस्किटांचा डबा मी ठामपणे त्यांच्या हातात दिला. "मोजा," मी म्हणालो. त्यांनी मोजलं, वहीत लिहिलं आणि चहा न घेता गेल्या. डॉक्टर आणि संशोधक यांचा वेळ मौल्यवान असतो म्हणून मी आग्रह केला नाही.

ऑगस्टमध्ये विद्यापीठात सादरीकरण झालं. सोसायटी दोन गाड्या करून आली. कमळाकर ब्लेझरमध्ये होते. दमयंती टोपलीशिवाय, जरीच्या साडीत, पहिल्या रांगेत बसली. वसुंधरा उभी राहिली तेव्हा तिचा आवाज सुरुवातीला बारीक येत होता. मग तो शाळेतला झाला.

पडद्यावर दोन गटांनी घेतलेल्या गोळ्यांच्या दोन रेघा आल्या, दोन्ही वर चढत जाणाऱ्या. तिने सरळ सांगितलं, "नियंत्रण गटातल्या एकोणीस जणांना एका हितचिंतकाने मधेच डब्या वाटल्या. त्यामुळे गटांची तुलना करता येत नाही."

परीक्षकांनी विचारलं, "हे हितचिंतक कोण?"

"ते गोपनीय आहे, सर."

दोन गाड्यांतली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. मी पंख्याकडे पाहिलं.

मग पडद्यावर तिसरी रेघ आली, खाली, जवळजवळ आडवी. वसुंधरा म्हणाली, "नियंत्रण गटातला एकच सहभागी डबीविना राहिला. त्यामुळे न बिघडलेली माहिती फक्त त्याचीच आहे. क्रमांक चाळीस, वेगळा दाखवला आहे. बेचाळीसपैकी सतरा गोळ्या घेतल्या."

"असे बेजबाबदार लोक आपल्याच बिल्डिंगमध्ये असतात," कमळाकर माझ्या कानात म्हणाले. दमयंती तर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली, "अगो बाय, ह्यो कोन मुडदा? मरायचा हाय काय त्याला?"

मी हो म्हणून मान हलवली. सतरा. मी तिथेच बसून आठवायला लागलो. गुरुवारी उपास, रिकाम्या पोटी गोळी नको. रविवारी मासे, जेवून झोप. नेरे गावातल्या एका लग्नात दोन दिवस गोळ्या घरीच राहिल्या. कमळाकर बोलत नव्हते तेव्हा डोकं तापलेलं, त्यात गोळीचा काय दोष म्हणून ती जरा थांबवली. आणि बरं वाटत होतं ते दिवस तर धरायचेच नाहीत. मी एकदाही गोळी चुकवली नव्हती. प्रत्येक वेळी फक्त त्या दिवसापुरती घेतली नव्हती.

परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "आणि या चाळीस क्रमांकाने फॉर्मवर काय लिहिलं होतं?"

"सहाही आठवडे 'एकदाही चुकली नाही', असं," वसुंधरा म्हणाली. "पण तो खोटं बोलत नव्हता, सर. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी बारा वर्षं असं धरून चालले होते की माझे वडील माझ्याशी खोटं बोलले. आता मला वाटतं, त्यांनाही तसंच वाटत असेल."

ती हे पडद्याकडे बघून बोलली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि कोणाला कळू दिलं नाही. मला रुमाल काढावा लागला. कमळाकर म्हणाले, "एसी फारच आहे."

प्रबंध मंजूर झाला, दुरुस्त्यांसह. दुरुस्त्या अकरा होत्या, त्यांतली एक माझ्या खुलाशाचं परिशिष्ट लहान करण्याची होती.

घरी आल्यावर मी विसाव्या डबीतले स्क्रू एका वाटीत ओतले, डबी धुऊन पुसली आणि रविवारपासून शनिवारपर्यंत एकेक गोळी टाकली. तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलावर असते. दमयंती दारातून मान लांब करून बघते, कमळाकर आले की चहाआधी झाकण उघडतात, कारण चाळिसावा कोण हे माहीत नसलं तरी आता कोणाचीच डबी तपासायला कोणी लाजत नाही.

वसुंधरा मात्र तपासत नाही, विचारतही नाही. सकाळी चहा झाला की मी गोळी घेतो आणि त्या दिवसाचा खण तिच्यासमोर उघडा ठेवतो. ती वाचता वाचता त्यावर एक नजर टाकते, आणि बोटाने झाकण लावते.